आबांचा रिमोट: रास्पबेरी पायवर इन्फ्रारेड, कामाच्या नोंदी

काचबिंदूमुळे आबांची नजर आता फारच अधू झाली आहे. फोनच्या काचेवर बोट कुठे टेकवायचं ते त्यांना दिसत नाही. रिमोटची बटणं मात्र हाताला कळतात. घरातला जुना टीव्ही भंगारात गेला, पण रिमोट कपाटात राहिला. त्याच्या पाचच्या बटणावर उंचवटा आहे आणि आबांचा अंगठा तिथून कुठेही बरोबर जातो. त्यामुळे भीमसेन जोशी, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे त्यांना ह्याच रिमोटवर, कुणालाही हाक न मारता लावता आले पाहिजेत.

सामान असं: रास्पबेरी पाय ३ बी (छोटा कॉम्प्युटर, घरात पडून होता; पुढे त्यालाच नुसतं पाय म्हटलंय), पीसीएम ५१०२ चिपचा डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारा), अँप्लिफायर आतच असलेले स्पीकर, तीन पायांचा आयआर (इन्फ्रारेड) रिसीव्हर. सिस्टिम रास्पबेरी पाय ओएस लाइट, बुकवर्म. गाणी वाजवायला एमपीडी हा प्रोग्राम. असंच काही करू पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

१४ जून २०२५

आधी रिमोट. सेलच्या खोबणीत पांढरा खार साठला होता. पट्ट्या घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवे सेल घातले. रिमोट चालतो का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहायचं. बटण दाबल्यावर पुढचा एलईडी जांभळट पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे काहीच दिसलं नाही तर रिमोट मेला असं ठरवू नका. सेल्फीच्या कॅमेऱ्याने पाहा.

आवाज वाढवायचं आणि चॅनल पुढे न्यायचं, ही दोन बटणं मुकी निघाली. रिमोट उघडला. रबराच्या बटणांखालचा काळा कार्बन वापरून वापरून गेला होता. नुसतं पुसून भागलं नाही. ॲल्युमिनियम फॉइलचे छोटे गोल कापून इन्स्टंट ग्लूने रबराला चिकटवले. दोन्ही बटणं चालू झाली. ह्याच्यात दुपार गेली, पण रिमोट बदलला असता तर सगळ्या खटाटोपाला अर्थच उरला नसता.

संध्याकाळी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन रिसीव्हर आणले. चाळीस रुपयांना एक, असे दोन.

१५ जून

रिसीव्हर जोडायच्या आधी हे वाचा. दुकानात सगळे "१७३८ द्या" म्हणतात आणि हातात काय येईल ते सांगता येत नाही. टीसॉप ही ह्या रिसीव्हरांची मालिका. टीसॉप १७३८ चे पाय घुमटाकडून पाहिल्यावर डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे असतात. टीसॉप ४८३८ आणि ३८२३८ चे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय असे. एकाचं चित्र पाहून दुसरा जोडला तर सप्लाय उलटा बसतो. मला मिळालेल्या दोघांतला एक असा होता की त्याच्यावरचं अक्षरच वाचता येत नव्हतं. तो मी वापरलाच नाही. दुसऱ्यावर ४८३८ स्वच्छ दिसत होतं.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. १७३८ ला ५ व्होल्ट लागतात आणि त्याचं आउटपुटही ५ व्होल्टपर्यंत जातं. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ त्यांना सोसत नाहीत. ४८३८ हा २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो, म्हणून तो थेट ३.३ वर जोडता येतो. सप्लायच्या वाटेत १०० ओमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या पायांजवळच ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला. हे दोन्ही वगळायचा मोह होतो. वगळू नका. सप्लायवरचा खरखराट रिसीव्हरला प्रकाशासारखाच वाटतो.

जोडणी: पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ९ ग्राउंड, आउटपुट पिन ११ वर, म्हणजे सिस्टिमच्या भाषेत जीपीआयओ १७.

१८ का नाही? कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) 'जीपीआयओ-आयआर' हा ओव्हरले, म्हणजे हार्डवेअरची ओळख करून देणारी जोडफाइल, काही सांगितलं नाही तर जीपीआयओ १८ घेतो आणि बहुतेक आकृत्यांत तीच पिन दाखवलेली असते. पण आय-टू-एसवर (डिजिटल आवाज नेणाऱ्या जोडणीवर) चालणारा डॅक लावला की १८ वर डॅकचं घड्याळ चालतं. एक पिन दोघांना मिळत नाही. आधी १८ वर करून पाहिलं तेव्हा बूटच्या नोंदीत ही पिन आधीच घेतलेली आहे असा संदेश आला आणि एकच यंत्र चालू राहिलं. डॅक वापरत असाल तर पहिल्यापासूनच १७ घ्या. कॉन्फिग डॉट टीएक्सटीत एक ओळ: डीटीओव्हरले बरोबर जीपीआयओ-आयआर, स्वल्पविराम, जीपीआयओ-पिन बरोबर १७. बुकवर्ममध्ये ही फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला, पेठांमधले रस्ते बंद. त्यामुळे दिवसभर घरीच बसून हेच केलं.

रीबूट केल्यावर रिसीव्हर दिसायला लागला, पण रिमोट दाबून काहीही येईना. इथे माझे बरेच तास गेले. ते जुन्या सल्ल्यांमागे गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिनक्सवर रिमोट म्हटलं की पहिलं नाव येतं ते लिर्क ह्या रिमोट ऐकणाऱ्या प्रोग्रामचं. लिर्कची कॉन्फिग फाइल बनवा, आयआर-रेकॉर्ड चालवून एकेक बटण शिकवा, लिर्क-आरपीआय नावाचं मॉड्यूल चढवा. हे सगळं एके काळी बरोबर होतं. पण ते मॉड्यूल रास्पबेरी पायच्या ४.१९ कर्नलपासून गेलं आणि त्याच्या जागी जीपीआयओ-आयआर आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नेहमीचे प्रोटोकॉल (रिमोटच्या संदेशांच्या ठरलेल्या भाषा) आता कर्नल स्वतः उलगडतो. रिमोटचं बटण दाबलं की बाकी सिस्टिमला ते कीबोर्डचं बटण दाबल्यासारखंच पोचतं. साध्या रिमोटसाठी लिर्कचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) लागतच नाही. मी तो काढून टाकला आणि रिमोटचे कोड बटणांशी जुळवणारं आयआर-कीटेबल हे पॅकेज ठेवलं.

त्यानंतर पायरी पायरीने वर गेले. प्रकाश येतोय का, त्याचा कोड बनतोय का, कोडचं बटण होतंय का, बटणाने काम होतंय का. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची तपासायची नाही. ह्या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली शिस्त हीच.

पहिली पायरी: आयआर-सीटीएल ही आज्ञा. त्याला 'आर' पर्याय दिला की रिसीव्हरला दिसलेला कच्चा प्रकाश मायक्रोसेकंदांत छापला जातो, अधिक म्हणजे उजेड आणि उणे म्हणजे अंधार. इथे लगेच आकडे आले. सगळे ८९० किंवा १७८० च्या जवळपास. म्हणजे वायरिंग ठीक, रिसीव्हर ठीक, रिमोट ठीक. आकड्यांवरून प्रोटोकॉलही कळला. फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये अर्धा बिट ८८९ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि दोन अर्धे जोडून आले की १७७८. एनईसी हा दुसरा नेहमीचा प्रोटोकॉल असता तर सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब उजेड आणि ४.५ चा अंधार दिसला असता.

मग कोड का येत नव्हता? ओव्हरलेने स्वतःहून घेतलेलं बटणांचं कोष्टक आरसी-६ ह्या वेगळ्या प्रोटोकॉलचं आहे, म्हणून कर्नलने फक्त आरसी-६ उलगडायला घेतला होता. सिस फोल्डरमध्ये त्या यंत्राची 'प्रोटोकॉल्स' नावाची फाइल वाचली की हे दिसतं. चालू असलेले प्रोटोकॉल चौकोनी कंसात असतात. आयआर-कीटेबलला 'पी' पर्यायाने आरसी-५ चालू करायला सांगितलं आणि 'टी' देऊन पाहिलं. कोड धडाधड यायला लागले.

२४ जून

ऑफिसनंतर थोडंच. सगळ्या बटणांचे कोड लिहून काढले. आरसी-५ च्या टीव्हीसाठीच्या कोडांत फारसा फरक नसतो. हेक्समध्ये आवाज वाढवणं १०, कमी करणं ११, म्यूट शून्य-डी, लाल बटण शून्य-सी, चॅनल पुढे २०, मागे २१, आणि अंकांचे कोड म्हणजे ते अंकच. माझे तंतोतंत हेच निघाले.

ह्यांची फाइल टॉमल ह्या साध्या मजकुराच्या पद्धतीने लिहायची. वर कोष्टकाचं नाव आणि प्रोटोकॉल, खाली एका ओळीला एक कोड आणि त्याच्यासमोर बटणाचं नाव. ती ईटीसीमधल्या आरसी-कीमॅप्स फोल्डरमध्ये ठेवली. आरसी-मॅप्स डॉट सीएफजी ह्या फाइलीत ड्रायव्हरचं नाव (जीपीआयओ-आयआर-रिसीव्ह), मग कोष्टकाचं नाव आणि मग आपली फाइल, अशी ओळ घातली. ही ओळ यादीत वर ठेवा. जुळणारी पहिली ओळ लागू होते, आणि आरसी-६ ची तयार ओळ आधी आली तर आपली कधीच वाचली जाणार नाही.

नंबराने यंत्र ओळखू नका. माझ्याकडे एकदा रिसीव्हर आरसी-शून्य होता, पुढच्या बूटला आरसी-एक झाला. कारण एचडीएमआयची सीईसी सोयही (टीव्हीच्या रिमोटने जोडलेलं यंत्र चालवायची) कर्नलमध्ये रिमोट म्हणूनच नोंदली जाते आणि कोण आधी उभं राहील ते ठरलेलं नसतं. ड्रायव्हरच्या नावाने ओळखलं की हा प्रश्न येत नाही.

२८ जून

आता बटणाने काम व्हायला हवं. ट्रिगरहॅपी नावाचा छोटा डीमन आहे. तो बटणांकडे लक्ष ठेवतो आणि ठरवून दिलेली आज्ञा चालवतो. त्याच्या फाइलीत एका ओळीत तीन गोष्टी: बटण, अवस्था, आज्ञा. अवस्था १ म्हणजे दाबलं, २ म्हणजे दाबून धरलंय, शून्य म्हणजे सोडलं.

आवाजाच्या बटणांना १ आणि २ दोन्ही दिले, म्हणजे धरून ठेवलं की आवाज वाढत जातो. गाणं पुढे-मागे नेणाऱ्या बटणांना फक्त १. आबा बटण सावकाश आणि लांब दाबतात. कर्नल अर्ध्या सेकंदानंतर पुनरावृत्ती सुरू करतो, त्यामुळे तिथे २ दिला असता तर एका दाबात गाणी उडत गेली असती.

पहिल्या चाचणीत काहीच घडलं नाही. चूक कळवणारी एक ओळसुद्धा नाही. कारण असं की ट्रिगरहॅपी आज्ञा चालवतो ते 'नोबडी' ह्या अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण माझी स्क्रिप्ट माझ्या होम फोल्डरमध्ये होती आणि तिथे नोबडीला शिरताच येत नव्हतं. स्क्रिप्ट यूएसआरमधल्या लोकल/बिनमध्ये हलवली आणि चालली. एमपीसी ही एमपीडीला हुकूम देणारी आज्ञा त्याच्याशी नेटवर्कच्या दाराने बोलते, त्यामुळे नोबडीला गाणं लावायला अडचण येत नाही. स्क्रिप्ट नेहमी नोबडी म्हणूनच चालवून तपासा. आपल्या नावाने चालते ह्याचा अर्थ काही नाही.

आवाजाचं बटण तरीही चालेना. पीसीएम ५१०२ मध्ये आवाजाचं नियंत्रण हार्डवेअरमध्ये नाही, त्यामुळे ए-मिक्सर ह्या आवाजाच्या आज्ञेला फिरवायला काही सापडत नाही. एमपीडीच्या कॉन्फिगमध्ये मिक्सर सॉफ्टवेअरचा घेतला आणि आज्ञा एमपीसीच्या व्हॉल्यूमची केली, एका दाबाला तीन टक्के.

अंकांविषयी. बटणांची नावं ठरवताना अंकांना साधं 'की-१' देता येतं, पण मग ते खरोखर कीबोर्डचे अंक होतात आणि कन्सोलवर (आज्ञा लिहायच्या पडद्यावर) जाऊन टाइप होतात. म्हणून 'की-न्यूमेरिक-१' ही मालिका घेतली, ती कन्सोलला कळत नाही. डेस्कटॉपवर एक्स-इलेव्हन (खिडक्या दाखवणारी प्रणाली) वापरत असाल तर उलट अडचण येईल. एक्स-इलेव्हनला २५५ च्या पुढचे कीकोड पोचत नाहीत, त्यामुळे न्यूमेरिक मालिका आणि 'की-ओके' तिथे मुकी राहतात. तिथे साधे अंक आणि एंटर द्या.

२९ जून

आबांच्या हातात पहिल्यांदा दिला. त्यांनी सवयीने आधी लाल बटण दाबलं आणि रास्पबेरी पाय बंद पडला. लाल बटणाला मी 'की-पॉवर' नाव दिलं होतं आणि सिस्टिमडीचा (सिस्टिम सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) लॉगइनडी हे बटण ऐकून यंत्र बंद करतो. बंद झालेल्या पायला रिमोटने उठवता येत नाही. रिसीव्हरला वीज असते, पण ऐकायला कर्नल जागा नसतो.

लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये पॉवर-कीकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं. मी ते केलंच, शिवाय लाल बटणाचं नावही बदललं. आता ते फक्त गाणं थांबवतं आणि आवाज ठरलेल्या पातळीवर आणतं. पाय चोवीस तास चालूच राहील. दीड-दोन वॅटच्या आसपास घेतो, महिन्याला साधारण एक ते दीड युनिट. ते परवडतं.

२ जुलै

"अगं, पुढचं लावलं की दोन गाणी जातायत." आबांची तक्रार. मी दाबते तेव्हा एकच जातं. मी टेबलाजवळ उभी असते, आबा पलंगावर, सुमारे चार मीटर लांब. त्यांच्या जागी बसून दाबलं तेव्हा मलाही दोन गेली.

आधी वाटलं ट्रिगरहॅपी दोनदा ऐकतोय. मग आयआर-कीटेबलचं चाचणीचं पान उघडून आबांना पलंगावरून बटण दाबायला सांगितलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आरसी-५ च्या प्रत्येक संदेशात एक टॉगल बिट असतो. बटण नव्याने दाबलं की तो पालटतो, धरून ठेवलंय तोवर तोच राहतो. बटण धरलं की रिमोट दर ११४ मिलिसेकंदांनी संदेश पाठवत राहतो. आबांच्या एका दाबाला सगळ्या संदेशांत टॉगल एकच होता, पण 'बटण खाली' ही घटना दोनदा नोंदली होती. म्हणजे बोट उचललं नव्हतं. मधले एक-दोन संदेश पोचले नाहीत. कर्नलने वाट पाहिली, काही आलं नाही म्हणून बटण सुटलं असं धरलं, आणि पुढचा संदेश आल्यावर ते पुन्हा दाबलं असं कळवलं. रिमोट बटण सुटल्याचा संदेश कधी पाठवतच नाही. सुटणं हा कायम वेळेवरून काढलेला अंदाज असतो. तुमच्याकडे आरसी-५ असेल आणि दुहेरी दाब येत असतील तर टॉगल पाहा. सारखा असेल तर दोष पोचण्यात आहे, पालटत असेल तर बटणात किंवा बोटात.

पोचत का नाही? माझा रिसीव्हर ३८ किलोहर्ट्झचा, आरसी-५ चा वाहक (ज्या वारंवारतेने रिमोटचा प्रकाश लुकलुकतो ती) ३६ किलोहर्ट्झचा. रिसीव्हरच्या आत ठराविक वारंवारतेभोवती अरुंद गाळणी असते. दोन किलोहर्ट्झच्या फरकाने तो बहिरा होत नाही, पण कानाला कमी ऐकू येतं. जवळून सगळं पोचतं, लांबून मधेमधे गळतं. दुकानात ३८ सहज मिळतो कारण एनईसीचे रिमोट ३८ चे असतात. प्रोटोकॉल कळला त्याच दिवशी ३६ चा शोधायला हवा होता. ३६ चा म्हणजे ४८३६. तो तपकीर गल्लीत मिळाला नाही, ऑनलाइन मागवला. टपालखर्च धरून एकशे दहा रुपये.

तोवर स्क्रिप्टमध्ये आडकाठी घातली. मागचा 'पुढे' ७०० मिलिसेकंदांच्या आत आला असेल तर नवा सोडून द्यायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोडून दिलेल्या दाबाचीही वेळ नोंदवा, नाहीतर लांब दाबात तिसरी घटना निसटून जाते. आणि वेळेची फाइल टेम्पमध्ये ठेवत असाल तर ती आपल्या नावाने आधीच तयार झालेली नाही ना, ते पाहा. माझ्याकडे होती. नोबडीला तिच्यावर लिहिता येईना आणि आडकाठी काही न बोलता निष्प्रभ राहिली.

५ जुलै

३६ चा रिसीव्हर बसवला. त्याचे तीन पाय त्याच क्रमाने, त्यामुळे फक्त बदलायचा. पलंगावरून, पांघरुणाच्या काठावरून, किंचित तिरका धरूनही सलग संदेश. दुहेरी दाब गेले. आडकाठी तरी ठेवली, सेल उतरले की ती लागेल.

मग याद्या. एक म्हणजे अभंग, दोन म्हणजे नाट्यगीतं, तीन किशोरी आमोणकर, चार कुमार गंधर्व, पाच भावगीतं. पाच मुद्दाम भावगीतांना दिलं. उंचवटा तिथे आहे आणि आबांना तीच सर्वांत जास्त लागतात.

नजर अधू असलेल्या माणसाला आपण काय दाबलं हे ऐकू यायला हवं. म्हणून प्रत्येक यादी लागताना तिचं नाव बोललं जावं असं ठरवलं. आधी स्क्रिप्टमधून ए-प्ले ह्या आज्ञेने आवाज वाजवायचा प्रयत्न केला. एमपीडीने डॅक थेट धरून ठेवलेला, त्यामुळे "यंत्र व्यस्त आहे" असं उत्तर. अल्सामध्ये (लिनक्सच्या आवाजाच्या प्रणालीत) दोघांचा आवाज मिसळायची सोय करता येते, पण त्याहून सोपं सुचलं. यादीतली पहिली फाइल म्हणजेच घोषणा. ई-स्पीक-एनजी हे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी बोलतं, पण ते आबांना ओळखीचं वाटेना. माझ्या मुलीने मोबाइलवर "एक, अभंग", "दोन, नाट्यगीतं" असं बोलून दिलं आणि त्या फाइली प्रत्येक यादीच्या डोक्यावर बसवल्या. वेगळी आज्ञा नाही, भांडण नाही. अडचण एकच. मागे मागे जात राहिलं की घोषणा पुन्हा लागते. आबांना ती हवीच असते.

६ जुलै, आषाढी एकादशी

पहाटे पाचच्या सुमारास आतून "एक, अभंग" ऐकू आलं. आम्ही कुणी उठलो नव्हतो. आबांनी स्वतः लावलं होतं, आणि तासभराने आवाजही स्वतःच वाढवला.

१३ जुलै

संध्याकाळी पाचनंतर रिमोट अडखळतो अशी नवी तक्रार. पावसाने उघडीप दिली की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट रिसीव्हरवर येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. रिसीव्हर त्यावर आपली संवेदना आपोआप कमी करतो आणि रिमोटचा प्रकाश त्यात हरवतो. आयआर-सीटीएलमध्ये त्या वेळी आकडे तुटक आणि वेडेवाकडे दिसत होते, सकाळी मात्र स्वच्छ. हे सगळं ज्यात बसवलंय तो डबा खिडकीकडे पाठ करून फिरवला आणि रिसीव्हरभोवती काळ्या पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर खोल नळी बसवली. नळीचं तोंड पलंगाकडे. खोलीतल्या एलईडी ट्यूबचाही त्रास असेल म्हणून तपासलं, तो नव्हता. पुठ्ठा आयआर अडवतो ना, हेही पाहून घ्या. काही काळं प्लास्टिक डोळ्याला अपारदर्शक दिसतं आणि इन्फ्रारेड सरळ पलीकडे जाऊ देतं.

२७ जुलै

वीज गेली, आली. दोन गोष्टी कळल्या. वीज येताच एमपीडी जिथे थांबला होता तिथून वाजायला लागतो, रात्री अडीच वाजता का असेना. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'रिस्टोअर-पॉज्ड' ला होकार दिला की तो थांबलेल्या अवस्थेतच उठतो. दुसरं, अशा अचानक बंद होण्याने एसडी कार्ड खराब होऊ शकतं. रास्पी-कॉन्फिग ह्या सेटिंगच्या आज्ञेतून ओव्हरले फाइल सिस्टिम (आधीच्या ओव्हरलेहून वेगळी) चालू केली, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. हे अगदी शेवटी करा. चालू असताना केलेला कुठलाही बदल पुढच्या बूटला नाहीसा होतो. यादीत गाणं घालायचं तर ओव्हरले बंद, रीबूट, बदल, पुन्हा चालू, पुन्हा रीबूट. कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर काढून डब्यालाच चिकटवून ठेवली आहे.

१० ऑगस्ट

रिमोटच्या रबराचा भरवसा नाही, म्हणून दुसरा तयार ठेवला. नवख्यांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक्स संचात मिळतो तसला एकवीस बटणांचा चपटा, एनईसीचा. टॉमल फाइलीत दुसरा 'प्रोटोकॉल्स' विभाग जोडून त्याचे कोड त्याच नावांना बांधले. कर्नल दोन्ही प्रोटोकॉल एकाच वेळी ऐकतो आणि ट्रिगरहॅपीत काही बदलावं लागत नाही, कारण त्याला बटणाचं नाव तेवढं दिसतं, रिमोट कुठला ते नाही. एनईसीत टॉगल बिट नसतो. धरून ठेवलं की 'पुन्हा तेच' सांगणारा छोटा संदेश येतो, त्यामुळे दुहेरी दाब ओळखायची वरची युक्ती इथे चालणार नाही. आणि आता गाळणी ३६ ची असल्याने हा ३८ चा रिमोट दोन-अडीच मीटरपर्यंतच नीट पोचतो. पलंगावरून नाही. चपट्या बटणांत पाच कुठे ते हाताला कळेना, म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचे थेंब थरावर थर देऊन वाळवले आहेत.

एकूण खर्च, पाय आणि स्पीकर सोडून: डॅक बोर्ड साडेतीनशे, रिसीव्हर सगळे मिळून एकशे नव्वद, कार्ड दोन मिळून आठशे, सेल, वायरी आणि किरकोळ दीडशे.